सुभेदाराची मिरवणूक

सर्जेराव नरवडे यांना कुठलंही काम वेळेवर करणं ठाऊक नव्हतं. एक तर ते महिनोन्महिने आधी उरकायचे, नाही तर साफ विसरून जायचे. धाकटा भाऊ सखाराम फौजेतून ऑगस्टअखेर निवृत्त व्हायचा होता आणि अजून एप्रिलही सरला नव्हता. तरी त्याच्या मिरवणुकीचं पक्कं करायला सर्जेराव रविवारी सकाळीच पैठणकडच्या गावाहून निघाले आणि सखारामच्या शहरातल्या, चिकलठाण्याच्या घरी येऊन दाखल झाले. बरोबर बायको वच्छलाबाई, मुलगा शिवम आणि गाडीच्या डिकीत घरच्या बागेतल्या मोसंबीच्या दोन गोण्या.

सखारामच्या बायकोला, गीताला, ते आल्याचा आनंदच झाला. हे घर तिच्या नवऱ्याच्या पगारातून उभं राहिलं होतं, पण नवरा त्यात सलग दोन महिनेही राहिला नव्हता. वर्षातून दोनदा सुट्टीवर यायचा, नळाचे वायसर बदलायचा, आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचा, आणि घराची सवय होते न होते तोच पुन्हा बॅग भरायला घ्यायचा. गेल्या दिवाळीत मात्र त्याने मुदतवाढ नको असं युनिटमध्ये लिहून दिल्याचं सांगितलं. तेव्हापासून गीता हवेत होती. गल्लीतल्या सगळ्या बायकांना सांगून झालं होतं. भाजीवालीलाही माहीत होतं.

त्यांच्या पट्ट्यात फौजी निवृत्त होऊन आला की त्याला गुपचूप घरी जाऊ देत नाहीत. फाट्यापासून गावापर्यंत उघड्या जीपमधून त्याची मिरवणूक निघते. पुढे डीजे, डोक्याला फेटा, गळ्यात इतके हार की माणसाचं नाक तेवढं दिसावं. दारोदार औक्षण होतं आणि जीपमध्ये शेजारी त्याच्या बायकोला बसवतात, कारण तिनेही नोकरी केलेलीच असते. शेजारच्या गावात गेल्या वर्षी एका हवालदारावर दोन जेसीबींतून फुलं उधळली होती. ते सर्जेरावांच्या मनाला लागून राहिलं होतं.

“आपला तर सुभेदार हाय,” सर्जेराव म्हणाले. “चार जेसीबी लावू.”

गावचा रस्ता केवढा आणि जेसीबी केवढे, असं शिवमने विचारून पाहिलं. चोवीस वर्षांच्या मुलाचा सल्ला सर्जेराव ऐकत नसत. ते म्हणाले की सप्टेंबर लागला म्हणजे गणपतीच्या तोंडावर डीजे मिळत नाही, म्हणून आजच नक्की करायचं. मग त्यांनी फाट्यावर लावायच्या फ्लेक्सचा नमुना मोबाइलवर सगळ्यांना दाखवला. डाव्या कोपऱ्यात वर्दीतला सखाराम होता. उजवीकडे हात जोडलेले सर्जेराव होते, शुभेच्छुक म्हणून, आणि ते सुभेदारापेक्षा चांगले बोटभर मोठे दिसत होते. जिल्हा परिषदेची निवडणूक अंगावर आली की शुभेच्छुकांची अशी वाढ होतेच. गीताने पदराआड हसून घेतलं.

दिवाणावर बसून सासूबाई द्वारकाबाई मोसंबी सोलत होत्या. त्यांना जेसीबीशी कर्तव्य नव्हतं. पोरगं एकदाचं डोळ्यांसमोर येऊन बसावं, एवढंच त्या म्हणत होत्या. वच्छलाबाईंनी पिशवीतून पेपरात गुंडाळलेली मोरपंखी पैठणी काढली आणि गीताच्या मांडीवर ठेवली.

“जीपमधी ही नेस. माझ्या अंगाला आता बसत नाय. तुला शोभंल.”

या दोघी जावा तरुणपणी चुलीवरून, दुधावरून, कुणाच्या माहेरचं कोण जेवायला आलं यावरून पोटभर भांडल्या होत्या. पुढे वच्छलाबाईंना गुडघ्यांनी नरम केलं आणि गीताला एकटेपणाने. गीताने पैठणीवरून हात फिरवला. ‘अक्का’ म्हणत तिने ती खांद्यावर धरून पाहिली.

तेवढ्यात तनुजा चहा घेऊन बाहेर आली. गीताची ही एकुलती एक. तिचं नाव सध्या गावात बापाइतकंच गाजत होतं. फौजेत नोकरीवर असलेल्यांच्या मुलांना परदेशी शिकायला पाठवणारी एक संस्था दिल्लीला होती. तिच्या शिष्यवृत्तीवर तनुजाची निवड झाली होती. स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियाला. तोडणीनंतर फळ कसं टिकवायचं, कसं साठवायचं, लांबवर कसं पाठवायचं, त्याचा अभ्यास. जन्मभर आपण मोसंबी लावली आणि ती शिकायला पुतणी स्पेनला चालली, अशी थट्टा सर्जेराव जाईल तिथे करायचे. पण पेढे त्यांनीच वाटले होते, तेही पारावर उभं राहून.

“तनूबाई,” ते म्हणाले, “तुझं विमान बी सप्टेंबरातच ना? मग तूबी जीपमधी बस. बापलेकीचा सत्कार एकदमच उरकू.”

तनुजा म्हणाली, “बघू, अण्णा.”

“बघू बघू काय करायलीस?” शिवम एकदम म्हणाला. “सांगून टाक की. अण्णा, ती जात नाय. तिचं रद्द व्हायलंय.”

तनुजाने चुलतभावाकडे असं पाहिलं की विश्वासाने सांगितलेलं असं चव्हाट्यावर आणतात का. शिवमने नजर चुकवली नाही. त्याने ठरवूनच तोंड उघडलं होतं.

मग तनुजाला सांगावंच लागलं. शिष्यवृत्ती नोकरीत असलेल्या फौजींच्या मुलांची. शिक्षणाचं निदान पहिलं वर्ष तरी आई-वडिलांपैकी एकजण सेवेत पाहिजे. पप्पा ऑगस्टअखेर घरी येणार, वर्ग सप्टेंबरात सुरू होणार. तिने दिल्लीला विचारून पाहिलं होतं. त्यांनी गोड शब्दांत सांगितलं की नियम सगळ्यांना सारखाच आहे. या आठवड्यात ती त्यांना नको म्हणून कळवणार होती.

ही चूक दुसऱ्या कुठल्या घरात झाली नसती. या घराला सखारामची नोकरी म्हणजे अंगणातल्या विहिरीसारखी झाली होती, ती नसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. अर्ज करताना ‘बाप सेवेत आहे का’ या प्रश्नाला सगळ्यांनी एका सुरात होय म्हटलं होतं. आणि तोच बाप परत येणार म्हणून त्याच दिवाळीत फराळाची ताटं गल्लीभर फिरवली होती. दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच आठवड्यात झाल्या. एक दुसरीच्या मुळावर येतेय हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. गीताच्याही नाही, आणि याचंच तिला आता सगळ्यात जास्त लागलं.

“मला कामून सांगितलं नाहीस?” तिने विचारलं.

“सांगितलं असतं तर तू पप्पांना थांबायला लावलं असतंस.”

“मग?”

“मला ते नको आहे, आई.” तनुजाचा आवाज शहरातल्या शाळेत घडलेला, नीटनेटका होता, पण आता तो हलला. “दिवाळीला पप्पांचा फोन आला तेव्हा तू गच्चीवर कपडे वाळत घालताना एकटीच हसत होतीस. मी तुला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. ते मोडून मला स्पेनला जायचं नाही.”

गीताला लेकीचा राग आला आणि ऊरही भरून आला, दोन्ही एकदमच. बावीस वर्षांची पोर आईसाठी केवढं सोडायला निघाली होती. पण निघाली होती आईला न विचारता. या घरात गीतासाठी जे काही झालं ते नेहमी असंच, तिच्या भल्यासाठी आणि तिच्या पाठीमागे.

सर्जेराव आधी मोठ्या मनाने पुढे सरसावले. शिष्यवृत्ती गेली तर गेली, बागेचा खालचा तुकडा विकून टाकू, पोरीला धाडू. वच्छलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मागच्या वेळी असं मोठं मन केलं तेव्हा बैलजोडी गेली होती.

“मोसंबीची बाग विकून मोसंबी शिकायला जायचं का, अण्णा?” गीता म्हणाली. “ते काही व्हायचं नाही.”

मग त्यांनी परभणीचं सुचवलं. तिथेही फळांचं शिकवतात, शनिवारी येऊन रविवारी जाता येतं. मग म्हणाले, पुढच्या साली पुन्हा बघू. पुढच्या साली पप्पा सेवेत नसतीलच, असं तनुजाने शांतपणे सांगितलं. सर्जेरावांनी हातातला मोबाइल खाली ठेवला. पुन्हा बोलले तेव्हा त्यांच्या आवाजातला जेसीबी गेला होता.

“खरं सांगू का गीता, मी थकलोय. अठ्ठावीस वर्सं दोघांची जमीन एकट्यानं ओढली. रातची लाइट आली की मोटर लावायला उठायचं, मजुरांच्या पाया पडायचं. सखाराम आला की अर्धा भार त्याच्यावर देतो, म्हणून दिवस काढायलोय. फ्लेक्सचं सोड. मला भाऊ पाह्यजे.”

यात तसूभर खोटं नव्हतं. सर्जेराव मिरवायचे, मोठ्याने बोलायचे, पण भावाच्या वाटणीची जमीन त्यांनी स्वतःच्यापेक्षा आधी भिजवली होती आणि वेगळं निघायचा शब्द कधी काढला नव्हता. गीताला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तिला उलट बोलता येईना.

वच्छलाबाई तिच्या शेजारी सरकल्या. त्यांचा हिशोब निराळा होता. “मी तर म्हणते, येऊ द्या त्यांला. पोरगी हुशार हाय, तिला दुसरं काही मिळंल. हिला दुसरं काय मिळणार?” असं म्हणून त्यांनी गीताच्या गुडघ्यावर हात ठेवला. जन्मात पहिल्यांदा मोठी जाऊ उघड तिच्या बाजूने बोलली होती, आणि नेमकी आज.

द्वारकाबाईंनीही मान हलवली. दोन वर्षांनी मी असेन नसेन, त्या म्हणाल्या. हे त्या गेली दहा वर्षं म्हणत होत्या, पण दर वेळी ऐकणाऱ्याच्या काळजात थोडं हलायचंच.

म्हणजे सगळे एका बाजूला झाले होते. शिवमच तेवढा उलट बसला होता.

“बागवान व्यापारी येतो, उभी बाग बघतो, म्हणेल त्या भावात उचलतो,” तो म्हणाला. “का? आपल्याला माल आठ दिवस ठेवता येत नाय म्हणून. मागच्या बहाराला किती सडली, बघितलीत ना तुम्ही? तनू शिकून आली तर आपण थांबू शकतो. आख्खं गाव थांबू शकतं. आणि तुम्ही तिला परभणी दाखवायलेत.”

“तू चूप बस,” सर्जेराव म्हणाले.

“आजवर चूपच बसलो, अण्णा.”

हे आता जेवणाआधी मिटणार नाही असं दिसल्यावर सर्जेरावांनी मोबाइल उचलला. ज्याचं लगीन त्यालाच विचारू, असं पुटपुटत त्यांनी सखारामची युनिट होती त्या झाशीला फोन लावला आणि तो टेबलावर, मोसंबीच्या सालींच्या शेजारी, स्पीकरवर ठेवला. रविवार असल्याने सुभेदार साहेबांनी लगेच उचलला. सगळी हकिगत सर्जेरावांनीच सांगितली, आणि सांगायची तशीच सांगितली, म्हणजे भाऊ घरी येणं किती गरजेचं आहे ते आधी आणि पोरीचं शेवटी. सखाराम ऐकत होता. बोलला तेव्हा म्हणाला, अण्णा म्हणतील तसं. मग आईचा आवाज ऐकून म्हणाला, आई म्हणेल तसं. मग तनूला काय वाटतं ते बघा, असंही म्हणाला. शंभर माणसांना एका आवाजात उभं करणारा हा माणूस घरच्या फोनवर आला की त्याला स्वतःचं असं मत उरायचं नाही.

गीता उठली. तिने टेबलावरचा फोन उचलला, स्पीकर बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं. येसराची आमटी मंद गॅसवर रटरटत होती. भायांचा, म्हणजे थोरल्या दिरांचा, फोन असा न विचारता उचलायची ही तिची पहिलीच वेळ. बाहेर सगळे अवाक झाले असणार, पण त्याचं तिला काही वाटलं नाही.

“ऐकलंत ना?” ती म्हणाली.

“ऐकलं. तू म्हणशील तसं करतो, गीता.”

“मी म्हणेन तसं नको. आधी मला सांगा, मुदतवाढीला दिलेला नकार परत घेता येतो का?”

येतो, सखाराम म्हणाला. कमांडिंग साहेबांनी त्याला दोनदा विचारलं होतं, सुभेदार साब, पुन्हा विचार करा. कागद अजून युनिटमध्येच होते. तब्येतीचा शेरा चांगला होता, कामाचाही. या आठवड्यात जाऊन सांगितलं तर दोन वर्षं वाढवून मिळतील. त्यापुढे मात्र काही हातात राहणार नाही.

“आणि तुम्हाला काय पाह्यजे?”

पलीकडे कुठेतरी शिट्टी वाजली आणि पोरांचा गलका झाला, मैदानावर खेळ चालला असावा.

“मला घरी यायचंय,” सखाराम म्हणाला. “पण तुला म्हणून सांगतो, भीती बी वाटती. घरी आलो की मी पाव्हणा असतो गं. साखर कोणच्या डब्यात हाय ते मला इचारावं लागतं. तनूला काय आवडतं ते तू सांगतीस तवा कळतं. सुट्टीपुरतं चालतं ते. कायमचा आलो आन तुम्ही मला पाव्हण्यासारखंच वागवलं, तर मी कुठं जाऊ?”

गीतालाही तीच भीती होती. दिवाळीपासून ती हसत होती हे खरं, पण तो आल्यावर दिवसभर त्याच्याशी बोलायचं काय, हे तिला कळत नव्हतं आणि ते तिने स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. तिला लग्नानंतरचे ते काही महिने आठवले. तनुजा जेमतेम रांगत होती. फौजेच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या, समोर पेरूचं झाड, आणि संध्याकाळी पाचला सायकलवरून घरी येणारा नवरा. मग सासरे सांडू पाटील अर्धांगाने पडले आणि तिला बोलावणं आलं. ती आली. सासरे गेले, पण तोवर बागेचं काम अंगावर आलं होतं. मग तनुजाची शाळा होती. मग सासूबाईंचे डोळे. आज ओट्यापाशी उभ्या उभ्या तिच्या लख्ख ध्यानात आलं की फौजेने तिला नवऱ्यापासून जेवढं लांब ठेवलं नव्हतं तेवढं घराने ठेवलं होतं. सीमेवरच्या पोस्टिंगला बायकांना नेता येत नाही. पण प्रत्येक पोस्टिंग काही सीमेवरची नव्हती. तिला कुणी अडवलं नव्हतं, आणि तिने कधी मागितलंही नव्हतं.

“झाशीला क्वार्टर मिळतं का?” तिने विचारलं.

“मिळतं की. सुभेदाराला लवकर मिळतं. चांगलं तीन खोल्यांचं. पण ते कुणासाठी?”

“कुणासाठी म्हणजे?”

पलीकडचा गलका मागे पडला, तो फोन घेऊन आडोशाला गेला असावा.

“आईचं काय?” शेवटी सखारामने विचारलं. आवाज त्याचाच होता, पण पंचवीस वर्षांनी लहान झाला होता.

“ते मी बघते. तुम्ही उद्या साहेबांकडं जा. नकार परत घ्या आणि क्वार्टरचा अर्ज त्याच वेळी देऊन या.”

“व्हय,” सुभेदार म्हणाला. गीताची खात्री झाली की हा माणूस फोन कानाला लावून सावधानमध्ये उभा राहिला आहे.

तिने गॅस बंद केला, डोळ्यांना पदर लावला आणि बाहेर आली. फोन सर्जेरावांच्या हातात परत देऊन ती उभ्यानेच म्हणाली, “ते दोन वर्षं थांबणार आहेत. तनू, तू दिल्लीला कळव, येते म्हणून.”

तनुजा काहीतरी म्हणायला उठली. गीताने तिला हातानेच बसवलं. सर्जेरावांचा चेहरा पडला, पण ते एकदम चिडले नाहीत. त्यांनी फ्लेक्सचा फोटो बंद करून मोबाइल खिशात टाकला आणि बरं म्हणाले, दोन वर्षं तर दोन वर्षं, अठ्ठावीस काढली तशी हीबी काढू.

“आणि अण्णा,” गीता म्हणाली, “मी झाशीला चाललेय. त्यांच्याकडं राह्यला.”

हे मात्र कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. सखाराम थांबेल किंवा येईल, तनुजा जाईल किंवा राहील, याचा सगळ्यांनी विचार केला होता. गीता आहे तिथे असेल हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. सर्जेरावांनी घाईघाईने विचारलं की घराला कुलूप लावायचं का, आणि मग खरं ते विचारलं, आईला कोण बघणार. त्याचं उत्तर एकच होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांचे डोळे वच्छलाबाईंकडे वळले.

वच्छलाबाईंनी आपले गुडघे चोळले. “मला खाली बसता उठता येईना गं,” त्या हळूच म्हणाल्या. “आत्यांचं पथ्यपाणी, दवाखाना. मला व्हईल का ते?”

गीता त्यांच्यासमोर फरशीवर बसली. आर्जव करायचं असं तिने ठरवलं होतं, पण तोंडून निघालं ते सरळच निघालं.

“अक्का, आता तुम्हीच म्हणालात ना, हिला दुसरं काय मिळणार? हे मिळायलंय. तुम्ही हो म्हणालात तर मिळंल.”

बाजू घेणं वेगळं आणि भार घेणं वेगळं, हे दोघींनाही कळत होतं. मग वच्छलाबाईंनी सासूकडे वळून विचारलं, “आत्या, तुमची बीपीची गोळी सकाळची का रातची?”

“मला कुणी इचारणार हाये का नाय?” द्वारकाबाई कडाडल्या. हातातली मोसंबी त्यांनी ताटात टाकली. “मी काय गाठोडं हाये, हिच्या डोक्यावरून उचलून तिच्या डोक्यावर द्यायला?”

सासूबाई नको म्हणाल्या तर गीताला जाता येणार नव्हतं. सुनेने सासूला मोडून नवऱ्याकडे जायचं, एवढं धाडस तिच्यात आजही नव्हतं.

“आत्या, तुम्हाला इथंच बरं वाटतं, म्हणून तर...”

“कुणी सांगितलं तुला? इथं काय बरं हाये? हाका मारायला माणूस नाय. शेजारीण दार लावून टीव्ही बघती. डोळ्याचं आपरेशन होऊन तीन वर्सं झाली, मला सुईत दोरा ओवता येतो. मी हितं राह्यले ती तुझ्यापायी. नवरा लांब, पोरगी कालेजात, तुला एकटीला घर खायला उठंल म्हणून. माझ्या बरोबरीच्या चार बाया अजून जित्या हायेत गावाकडं. त्यांच्यासंगं बसायचं सोडून मी हितं तुझी राखण करायलेय.”

तीन वर्षं गीता सासूसाठी इथे अडकून होती, आणि सासू तिच्यासाठी. रोज सकाळी दोघी समोरासमोर बसून चहा प्यायच्या, दूध, भाजी, शेजारी, सगळं बोलायच्या, आणि एवढी एक गोष्ट दोघींनीही एकमेकींना विचारली नव्हती. आधी वच्छलाबाईंना हसू फुटलं, मग गीताला. द्वारकाबाई थोडा वेळ रागातच बसल्या, पण त्यांनाही फार वेळ तसं बसवलं नाही.

सर्जेरावांना या हसण्यात सामील होता येईना. त्यांची मिरवणूक गेली होती, भाऊ गेला होता, आणि आता आई येणार होती. शिवम खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसला.

“काकाच्या वाटणीचं मी बघतो,” तो म्हणाला. “रातच्या लाइटला मी उठतो. पण नुसती मजुरी नाय करणार, अण्णा. बागवानाशी बोलायचं ते बी मीच बोलणार. कारभार द्या माझ्या हाती.”

“आन मी काय करू मग?”

“निवडणूक लढवा की.”

सर्जेरावांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. हा आपल्याला उडवतोय की खरंच म्हणतोय, ते त्यांना कळेना. मग त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि जरा विचार करून म्हणाले की मृगाच्या बहाराला धरलेल्या मोसंबीचा व्यवहार करून दाखव, मग बघू. सर्जेरावांच्या तोंडून यापेक्षा मोठा होकार कुणी आजवर ऐकलेला नव्हता.

तनुजा आईजवळ येऊन फरशीवरच बसली आणि तिने आईचा हात हातात घेतला. डोळे पुसायचे तिला सुचलं नव्हतं. स्पेनचं नक्की झालं होतं, पण तिच्या मनात अजून एक काटा राहिला होता.

“माझ्यासाठी म्हणून नको करूस, आई,” ती म्हणाली. “मी दोन वर्षांनी येईन, पप्पाही येतील. तू एवढी लांब कशाला जातेस? तिथे तुझं कुणी ओळखीचं नाही. पप्पा सकाळी सहाला बाहेर पडणार. दिवसभर तू तिथे करणार काय?”

सर्जेरावांनाही हाच प्रश्न पडलेला होता. द्वारकाबाईंनी हातातली फोड तशीच धरून ठेवली.

“संसार करणार,” गीता म्हणाली. “लग्नाला चोवीस वर्षं झाली, तनू. आता सुरुवात करायला हरकत नाही.”